वास्तुवारसा छायाचित्र स्पर्धा : विभाग कसे पाडायचे? (चर्चेसाठी धागा)

ओसरी

मंडळी, १९ ते २५ नोव्हेंबरच्या जागतिक वारसा सप्ताहात आपण जुन्या वास्तूंच्या छायाचित्रांची स्पर्धा घेतोय हे मागच्या आठवड्यात ठरलं. परीक्षकही ठरलेत. गाडं अडलंय ते विभागांवर.

माझा कच्चा आराखडा असा होता : किल्ले, प्रार्थनास्थळं, वाडे-राजवाडे, इंग्रज आणि पोर्तुगीज काळातल्या इमारती, आणि शेवटी 'इतर'. लिहून झाल्यावर त्या 'इतर'कडे पाहिलं आणि मलाच बरं वाटेना. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर 'इतर'मध्ये? पाण्यासाठी बांधलेली वास्तू, पण आत महाल असावा अशी दालनं, खांब, वर बसायला गच्ची. तिला 'इतर' म्हणणं मनाला पटत नाही. बारवा, पूल, घाट, धर्मशाळा, समाध्या, दीपमाळा सगळ्यांचीच ही गत होणार.

दुसरा प्रश्न वयाचा. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यात प्राचीन स्मारकाला किमान शंभर वर्षांची अट आहे. तीच आपण लावली तर मुंबईचं इरॉस चित्रपटगृह बाद होतं, कारण ते १९३८ चं. आणि त्याच इरॉससकट ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

तेव्हा मोकळेपणाने सुचवा. नियम अजून कुठेच छापलेले नाहीत, सगळं बदलता येईल.

उभी_रेघ

वयाची अट काढूनच टाका. कुठली वास्तू आणि ती का जपायला हवी, हे प्रवेशिकेसोबत चार ओळींत लिहायला लावा. ते लिहिता आलं नाही तर अट पाळूनही उपयोग नाही.

विभागांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. तुम्ही वास्तूंचे विभाग पाडताय, पण स्पर्धा छायाचित्रांची आहे. 'इंग्रज काळातल्या इमारती' म्हटलं की निम्म्या प्रवेशिका सीएसएमटीच्या येणार, आणि त्यातल्या बहुतेक रात्रीच्या, रंगीत दिव्यांतल्या. मला ती इमारत फार प्रिय आहे. स्टीव्हन्सने आराखडा केला, १८७८ ला काम सुरू झालं, वरची कोरीव कामं मुंबईच्या कला विद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या हातची. पण जांभळ्या-हिरव्या झोतात दगडाचा रंग मरतो. सकाळच्या उन्हात जो पिवळसर दगड मऊ दिसतो, त्याचं रात्री प्लास्टिक होतं. तालुक्याच्या गावची एखादी जुनी कचेरी याच विभागात आली तर तिच्याकडे बघणार कोण?

म्हणून छायाचित्र काय सांगतंय यावर विभाग पाडा. अख्खी वास्तू दाखवणारं, एखादाच भाग दाखवणारं, वास्तूतली माणसं दाखवणारं. मग किल्ला असो की विहीर, तिला कुठल्याही विभागात जागा मिळते आणि 'इतर' उरतच नाही.

दिंडी_दरवाजा

उभी_रेघ यांना अनुमोदन, आणि ते का, हे स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

वाईकडे आमच्या आजोळी वाडा आहे. दोन चौकांचा होता, आता एकच उरलाय. ओसरीवरून माडीवर जायला भिंतीच्या पोटातून जिना आहे. जुन्या वाड्यांत असतो तसाच, खांद्याला भिंत घासेल इतका अरुंद, पायऱ्या गुडघाभर उंच. मधोमध जिना वळतो आणि त्या वळणावर पणतीसाठी देवळी, म्हणजे भिंतीतच छोटा कोनाडा, केलेली आहे. देवळीच्या वरची भिंत वर्षानुवर्षांच्या काजळीने काळी झालीय, आणि त्या काळ्यात एक पांढरा पट्टा आहे, तळहाताएवढा रुंद. अंधारात चढताना घरातल्या प्रत्येकाने तिथेच हात टेकलाय. काजळी धरायच्या आत पुसली जायची.

मी तो पट्टा टिपला. मागे सरकायला जागाच नाही, म्हणून खालच्या पायरीवर बसून, दुपारी साडेबाराला, कारण तेवढा अर्धा तासच वरच्या झरोक्यातून ऊन देवळीपर्यंत उतरतं. एका स्पर्धेला पाठवला. उत्तर आलं की 'वास्तू स्पष्ट दिसत नसल्याने प्रवेशिका विचारात घेता येत नाही'. त्यांच्या नियमात दर्शनी भाग दिसायलाच हवा असं होतं. माझी चूक होती, नियम नीट वाचायला हवे होते. पण मला तेव्हापासून वाटत आलंय की तो नियमच वाडा न पाहिलेल्या माणसाने लिहिला असणार. वाड्याला दर्शनी भाग असतो तो मुळी बंद राहण्यासाठी. बाहेरून भिंत, दरवाजा, वर नगारखाना असेल तर तो. घर सगळं आत, चौकाकडे तोंड करून. बाहेरून काढलेल्या फोटोत वाडा दिसतच नाही, त्याची पाठ दिसते.

तेव्हा तपशिलाचा विभाग हवाच, आणि त्यात 'अख्खी वास्तू दिसावी' ही अट चुकूनही नको. कडीपाट, तुळईखालचे हस्त, सुरूचे खांब, केळफूल, दिंडीचा अडणा, माळवदाची पन्हळ, काय काय आहे. लोकांना या गोष्टींची नावं तरी कळतील.

सह्यवाट

किल्ले वेगळे ठेवा अशी माझी विनंती होती, पण वरचं वाचून विचार बदलतोय. मात्र एक भीती आहे. किल्ल्यांचे म्हणून जे फोटो येतात त्यांतले बरेचसे डोंगराचे असतात. जुलै-ऑगस्टमधला हिरवा कडा, ढग, आणि कोपऱ्यात कुठेतरी बुरुजाचा ठिपका. सुंदर असतात, मीही काढतो. पण ते निसर्गचित्र झालं. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, अकरा आपल्याकडचे आणि तमिळनाडूतला जिंजी. तिथे डोंगर आणि बांधकाम दोन्ही मिळून किल्ला धरलाय, हे मान्य. तरी आपल्या स्पर्धेत माणसाने घडवलेला दगड दिसायला हवा एवढी अट घाला.

आता मुख्य मुद्दा. रायगडाच्या महादरवाजाचा एका चौकटीत फोटो काढून दाखवा. निघतो, पण दरवाजा कसा बांधलाय ते त्यात येत नाही. दोन बुरूज पुढे येऊन वाट गिळतात, वाट वळते, आणि अगदी जवळ जाईपर्यंत दार दिसू नये अशीच ती रचना आहे. गोमुखी बांधणीचं सगळं मर्म लपण्यात आहे. जे लपवण्यासाठी बांधलं ते एका फोटोत कसं दिसणार? चालत जाताना चार ठिकाणी थांबून चार फोटो काढले, तर बघणाऱ्याला तोच अनुभव येतो : समोर नुसती भिंत, मग वळण, मग दोन्ही अंगांनी बुरूज, आणि मग एकदम दार.

राजगडाच्या संजीवनी माचीवरचे चिलखती बुरूज असेच. बाहेरची भिंत, आतली भिंत, मध्ये माणूस उतरेल एवढी फट. वरून काढलेल्या फोटोत दुहेरी बांधणी कळते, पण खोली कळत नाही. आत उतरून काढलात तर खोली कळते, पण दुसरी भिंत कशासाठी आहे ते कळत नाही.

म्हणून 'मालिका' असा एक विभाग करा. तीन ते पाच छायाचित्रं, एकाच वास्तूची, क्रम स्पर्धकाने लावलेला.

फोंड्याहून

मालिकेला माझं मत. गोव्याबद्दल थोडं.

गोवा म्हटलं की जुन्या गोव्याची चर्च येणार. ती १९८६ पासून जागतिक वारसा आहेत, यायलाच हवीत. पण तिथेही लोक एकच कोन धरून बसतात. सी कॅथेड्रलला दोन मनोरे होते, त्यातला एक १७७६ मध्ये पडला. समोरून पाहिलं की ती रिकामी बाजू डोळ्यांत भरते. आणि बरेच जण फोटो असा कापतात की इमारत दोन्हीकडून सारखी वाटावी! बॉम जेझू चर्चचा तांबडा जांभा सगळ्यांना आवडतो, पण ती मुळात चुन्याच्या गिलाव्यातली इमारत. १९५० च्या दशकात गिलावा काढला आणि तेव्हापासून जांभा पावसात उघडा पडलाय. फोटोसोबतच्या चार ओळींत हे आलं तर फोटोचा अर्थ बदलतो. म्हणून त्या चार ओळींना गुण ठेवा, नुसती औपचारिकता नको.

'प्रार्थनास्थळं' हा विभाग काढलात तर मला आनंदच आहे. ठेवलात तर लोक मोजायला बसतील की देवळं किती, चर्च किती, मशिदी किती. आमच्याकडे मंगेशीला या. देवळाचा घुमट पाहा, कमानी आणि कठडे पाहा, मग बाहेर उभी असलेली ती अनेक मजली दीपमाळ पाहा. कुठली गोष्ट कुठून आली हे वेगळं काढता येत नाही. तिथून तांबडी सुर्लाला गेलात तर कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ, रानात एकटं. ही दोन देवळं 'मंदिरं' म्हणून शेजारी ठेवली तरी त्यांच्यात सारखं फारसं काही नाही.

आणि घरं विसरू नका. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या आता थोड्याच घरांत उरल्यात. त्या खिडकीतून आत येणारा उजेड दुधासारखा असतो. तो बाहेरून दिसत नाही, आत बसूनच टिपावा लागतो.

गिरणगावची

'वास्तूतली माणसं' या विभागाबद्दल बोलायचंय, कारण मी चाळीत वाढले.

लालबाग-परळच्या चाळी कुणी वारशात धरतं का, हेच आधी विचारायला हवं. बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, म्हणजे वयाने शंभरीला टेकलेल्या. मधल्या लांब बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या, टोकाला मोरी-संडास. शोभेचं काही नाही. पण गिरण्या, संप, गणपती, भजनी मंडळं, व्यायामशाळा हे सगळं ज्या भिंतींत घडलं त्या भिंती वारसा नाहीत तर मग वारसा म्हणजे काय? आता एकेक पाडून टॉवर होतायत. राहणाऱ्यांना मोठं घर मिळतंय, त्याबद्दल कुणाला वाईट वाटायचं कारण नाही, माझ्या मावशीलाही मिळणार आहे. फक्त जे जातंय त्याचं चित्र राहावं.

आता अडचण. गेल्या वर्षी मी एका चाळीत कॅमेरा घेऊन गेले. गॅलरीत एक काका दाढी करत होते, कठड्याला आरसा टांगून. मी कॅमेरा वर करायच्या आतच त्यांनी विचारलं, "बिल्डरकडून आलात का?" जिथे पुनर्विकासाची बोलणी चालू असतात तिथे कॅमेरावाला म्हणजे मोजणीवाला. मी सांगितलं, शेजारच्या चाळीतली मुलगी आहे, आईचं नाव सांगितलं, मग बसायला स्टूल आलं. फोटो मात्र मी त्या दिवशी काढला नाही. पुढच्या रविवारी गेले, तेव्हा काकांनीच आरसा पुन्हा तिथे टांगला.

म्हणून नियम असा हवा : ओळखू येईल असा चेहरा असेल तर त्या माणसाला विचारलेलं असावं, आणि घराच्या आतला फोटो असेल तर घरच्यांची परवानगी असावी. घरचा पत्ता जाहीर करायचा नाही, चाळीचं किंवा वाडीचं नाव पुरे. विभागाला 'नांदती वास्तू' म्हणा. जिथे माणसं नांदतायत, धंदा चालतोय, शाळा भरतेय, आरती होतेय.

नवखा

एक शंका. माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. मोबाईलसाठी वेगळा विभाग असावा का? मोठ्या कॅमेऱ्यापुढे आमचा निभाव लागेल असं वाटत नाही.

उभी_रेघ

@नवखा, वेगळा विभाग नको असं मी मनापासून म्हणतो. संरक्षित स्मारकांत तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ड्रोनला तर लागतेच. म्हणजे लेण्यांतल्या अंधारात मोठा कॅमेरावालाही हातातच धरून काढणार. ताईंनी वर जिन्याचं सांगितलं तिथे तर मोबाईलच सरस ठरेल, मोठी भिंग नेऊन तिथे कोपर हलवता येणार नाही.

एकच सांभाळा. इमारत सगळी चौकटीत यावी म्हणून फोन वर कलवला की भिंती आत झुकतात, मनोरा मागे पडतोय असं दिसतं. फोन सरळ धरा, थोडे मागे जा, किंवा समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावर कुणी येऊ देतंय का विचारा. नंतर रेघा सरळ करून घेतल्या तर हरकत नसावी.

पण तिथेच थांबायचं. तारा पुसणं, पाण्याच्या टाक्या पुसणं, फलक पुसणं, आभाळ बदलणं, एआयकडून पडकी कमान पूर्ण करून घेणं, यांतलं काहीही चालणार नाही असं ठळक अक्षरांत लिहा. दीपमाळेवरून वायर गेलीय तर ती गेलीय. उद्या कुणाला ती वायर काढायला लावायची असेल तर आपला फोटोच पुरावा म्हणून दाखवता येईल.

वैनगंगाकाठ

सगळी चर्चा पुणे, सातारा, मुंबई, गोवा. विदर्भाचं नाव कुठे आलं नाही म्हणून लिहितोय. तक्रार नाही, पण दर वेळी असंच होतं.

चंद्रपूरला गोंड राजांचा परकोट, म्हणजे शहराभोवतीचा तट, आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार मोठे दरवाजे, आणि शहर अजून त्यांच्यातूनच ये-जा करतं. गिरणगावची ताई म्हणतात ती नांदती वास्तू यापेक्षा वेगळी काय असणार? मार्कंड्याला वैनगंगेच्या काठावर देवळांचा समूह आहे, कोरीव काम पाहून माणूस गप्प होतो. लोणारला दैत्यसूदनाचं देऊळ आहे, पण जो तो विवराचाच फोटो काढून परत येतो.

प्रदेशवार आरक्षण मागत नाही. एवढंच करा की एका वास्तूच्या किती प्रवेशिका पुढच्या फेरीत जातील त्याला मर्यादा घाला. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या चाळीस फोटोंतले उत्तम तीनच पुढे जावेत. बाकीची जागा आपोआप मोकळी होईल.

इंदूरकर

सीमा कुठे आखताय? आमच्या इंदूरचा राजवाडा सात मजली, खालचे मजले दगडी, वरचे लाकडी, होळकरांचा. महाराष्ट्रात नाही म्हणून वगळणार का? बडोदं आहे, तंजावर आहे, काशीचे घाट आहेत. तंजावरच्या बृहदीश्वर देवळाच्या भिंतीवर सरफोजी राजांनी मराठीत कोरवलेला भोसल्यांचा इतिहास आहे. तो वाचता येणारा माणूस या धाग्यावर सापडेल, दुसरीकडे शोधावा लागेल.

अजून एक. १९८४ मध्ये राजवाडा जळाला, पुढे मागचा भाग नव्याने बांधला. ती वास्तू जुनी धरायची की नवी? पुण्यातला लाल महालही आज दिसतो तो महापालिकेने अलीकडे बांधलेला आहे. माझं म्हणणं, घ्या, पण कुठला भाग केव्हाचा हे लिहिणं सक्तीचं करा. बांधलेलं नवीन आहे हे लपवून फोटो दिला तर बाद.

ओसरी

सगळ्यांचे आभार. दोन दिवस नुसती वाचतेय. वास्तूंच्या प्रकारावरून विभाग पाडायचा विचार सोडून दिलाय. आता पाच विभाग धरते : अख्खी वास्तू, तपशील, नांदती वास्तू, मालिका आणि मोडकळीस आलेल्या वास्तू. मराठी माणसांनी उभारलेल्या किंवा मराठी मुलखातल्या, असं दोन्ही चालेल, म्हणजे इंदूर, तंजावर आलं आणि मुंबईचं विद्यापीठही आलं. वैनगंगाकाठ यांची तीनची मर्यादा घेतली. किल्ल्यांचा वेगळा विभाग नाही, पण सह्यवाट यांची बांधकाम दिसण्याची अट सगळीकडे लागू. चार ओळींना गुण असतील, किती ते परीक्षकांशी बोलून सांगते. परवानगीचा आणि पुसापुशीचा नियम जसाच्या तसा घेते. छायाचित्राचे हक्क काढणाऱ्याकडेच राहतील.

पंचगंगा

उशिरा आलो, पण शेवटच्या विभागाच्या नावाला माझा विरोध आहे. 'मोडकळीस आलेली' हे पालिकेच्या नोटिशीतले शब्द आहेत. असं नाव दिलंत की लोक पडकं शोधत फिरतील. वडाची मुळं, तुटकी खिडकी, एक मांजर. पडझडीची हौस वाढेल.

आमच्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाचं सांगतो. शाहू महाराजांनी बांधलेलं, शंभरी ओलांडलेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आठवडाभर घराघरांतून लोक जुने फोटो काढून बघत होते. आमच्याकडे बारा निघाले. अकरांत आम्ही कलाकारांसोबत उभे, मागे पडदा. एका फोटोत छत होतं, तेही चुकून, कॅमेरा वर झाला म्हणून. तीस वर्षं त्या थिएटरात बसलो आणि वर बघून एक फोटो काढला नाही. धडधाकट होतं तेव्हाच काढायला हवा होता.

विभागाचं नाव 'नोंद' ठेवा. आज उभी आहे, उद्याची खात्री नाही, अशी कुठलीही वास्तू. चांगल्या स्थितीतलीसुद्धा. आणि त्यात गुण सौंदर्याला कमी, माहिती किती मिळते याला जास्त. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला तेव्हा फोटो ही गोष्टच आपल्याकडे पोचलेली नव्हती, म्हणून आतले महाल कसे होते ते आपण कागदपत्रांवरून आणि जोत्यांवरून जुळवत बसतो. आपल्याला ती सबब नाही.

ओसरी

'नोंद' ठेवते. हे नाव आधी सुचायला हवं होतं.

दिंडी_दरवाजा

ओसरीताई, एक विचारायचं राहिलं. छायाचित्र याच वर्षी काढलेलं असावं अशी अट आहे का? आमच्या वाड्याचा उरलेला चौक दिवाळीनंतर उतरवायचाय. मामांनी कंत्राट दिलंय, तुळया वाळवीने खाल्ल्यात, दुसरा इलाज नाही. देवळीचा तो फोटो चार वर्षांपूर्वीचा आहे. आता जिन्यात जायला मनाई आहे, नवीन काढता येणार नाही.

ओसरी

'नोंद' विभागाला तारखेची अट नाही. तो फोटो पाठवा. चार ओळींत काढल्याची तारीख लिहा, वाडा केव्हा उतरवणार तेही लिहा, आणि तो पांढरा पट्टा कशाचा ते इथे लिहिलंत तसंच लिहा. मामांना विचारून चौकाची मापं घेता आली तर तीही जोडा, त्यासाठी अर्जात जागा करते.